लगतच्या रहिवाशांची हरकत नाही

माझ्या धाकट्या जावेचं पाळणाघर तिच्या घराच्या तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, एक मोरी आणि मागच्या बाजूला लांबट पडवी. दुपारी जेवणं झाली की मुलं त्या पडवीत ओळीने झोपत. पडवीची भिंत कमरेएवढी, तिच्यावर जाळी, आणि जाळीपलीकडे नगरपालिकेची मोकळी जागा. घाणेरीची झुडपं, एक मोडकी घसरगुंडी आणि कुणाच्या तरी पाडलेल्या घराचा ढिगारा. देखणं असं काही नव्हतं, पण वारा छान यायचा.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रोज दुपारी तिथे जाऊ लागले. ज्यांना झोप येत नसे ती चार-पाच मुलं माझ्या वाट्याला येत. फरशीवर ओल्या बोटाने मी अक्षर काढायची आणि ते वाळायच्या आत मुलांनी ओळखायचं. नाल्याकडच्या गल्लीतली एक चिमुरडी अक्षर ओळखायची आणि लगेच विचारायची, "हे असंच का?" तिला आम्ही काबाई म्हणत असू.

एक दिवस त्या मोकळ्या जागेत बोर्ड लागला. 'स्वच्छता सुविधा केंद्राचे नियोजित स्थळ. हरकती असल्यास नागरिकांनी सुनावणीस उपस्थित राहावे.'

जाऊ जाळीतून बोर्ड वाचून म्हणाली, "स्वच्छता म्हणतायत ना वहिनी? मग बरंच की. ती झुडपं तरी काढतील."

"अगं बाई, साऱ्या उपनगराच्या कचऱ्याच्या गाड्या इथे येऊन रिकाम्या होणार. मग तो कचरा यंत्राने दाबून मोठ्या ट्रकमध्ये भरणार. त्या कारभाराचं हे नाव आहे."

"इथे? मुलांच्या उशाशी?"

"मुलांच्या उशाशी."

ती खाली बसली. हे पाळणाघर म्हणजे तिचं सगळं काही होतं. माझा दीर गेल्यावर तिने ते सुरू केलं, त्यावर घर चालवलं आणि मुख्य म्हणजे त्या मुलांच्या गोंगाटात ती पुन्हा माणसात आली. ते बंद पडलं तर ती कशी राहील, हा विचारसुद्धा मला नको वाटत होता.

मी नगरपालिकेत चौकशी केली. तिथल्या कारकुनाने सांगितलं की अशा कामाला लगतच्या रहिवाशाने हरकत घेतली तर जागा बदलावीच लागते. त्या जागेच्या तीन बाजूंना रस्ता, पाण्याची टाकी आणि पंपघर. लगतचं घर एकच, माझ्या जावेचं. म्हणजे बाकी कुणी घसा फोडून ओरडलं तरी उपयोग नव्हता, आणि ती एक वाक्य बोलली तर काम थांबणार होतं.

अडचण एकच होती. माझी जाऊ कुणाला नाही म्हणू शकत नसे. पालक मूल न्यायला तासभर उशिरा आले की हिचं आपलं, "हरकत नाही." दूधवाल्याने पिशवी फोडून ठेवली, "हरकत नाही." एकदा बाजारात कुणाचा तरी पाय हिच्या पायावर पडला, अंगठ्याचं नख निळं झालं, तर हीच त्या माणसाला म्हणाली, "हरकत नाही हं, गर्दीच आहे."

म्हणून मी तिच्याकडून तयारी करून घेतली. पहिलीच्या मुलांना शिकवतात तशी. उभं राहायचं, वर बघायचं आणि तीनच गोष्टी बोलायच्या. "इथे आमचं पाळणाघर आहे. मुलं इथे झोपतात. म्हणून हे केंद्र इथे नको." ती आरशासमोर म्हणायची, भांडी घासताना म्हणायची. मुलांनाही ते पाठ झालं. जेवायला बसली की ती ताटल्या वाजवत ओरडायची, "इथे नको, इथे नको!" आणि काबाई विचारायची, "मग कुठे?"

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. खालच्या गादीचा स्पंज बाहेर आलेल्या खुर्च्या, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, आणि त्या पिचकाऱ्यांच्या बरोबर वर 'थुंकू नये' अशी पाटी. समोर व्यासपीठावर अध्यक्ष.

हा अध्यक्ष माझाच विद्यार्थी. कविता एकदा ऐकली की घडाघडा म्हणायचा म्हणून वर्गाने त्याचं नाव पोपट ठेवलं होतं. हुशार होता. मी फळ्यावर 'कर' लिहायची आणि अर्थ विचारायची. कर म्हणजे हात, कर म्हणजे सरकारला भरायचा तो, कर म्हणजे काम कर. एका शब्दाचे दोन-तीन अर्थ सांगायचे असले की सगळ्यात आधी हात वर व्हायचा तो पोपटचा. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते त्याच्या अज्ञानातून झालं असं कुणी समजू नये.

आमचा विषय यादीत पहिला होता. पोपटने तो शेवटी ढकलला. आधी एका चौकाला कुणाचं नाव द्यायचं यावर दोन गट भांडले. मग एका नगरसेवकाच्या दारासमोर गतिरोधक हवा की नको, यावर चर्चा झाली. दार त्याचं, गाडी त्याची, कंबरही त्याचीच, पण चर्चा सार्वजनिक. चहा आला, बिस्किटं आली. व्यासपीठावरची माणसं बिस्किटं बुडवून खात होती, आणि एकाचं बिस्कीट कपात तुटून पडलं तेव्हा त्याने ते बोटाने काढलं, बोट चोखलं आणि तेच बोट वर करून ठरावाला संमती दिली.

"हे आपले कारभारी," मी जावेच्या कानात म्हटलं.

"वहिनी, हळू. ऐकतील ना." ती पिशवी छातीशी धरून बसली होती. ओठ हलत होते. इथे आमचं पाळणाघर आहे, मुलं इथे झोपतात.

शेवटी नाव पुकारलं. ती उभी राहिली. वर बघितलं, शिकवल्याप्रमाणे. ती तोंड उघडणार एवढ्यात पोपट माइकजवळ वाकला. आवाजात साखर.

"काकू, आधी माफ करा हं. तुमचा विषय पहिला होता, तो शेवटी घेतला. लहान मुलं घरी ठेवून आलात, एवढा वेळ ताटकळलात. फार त्रास झाला तुम्हाला."

"छे छे," जाऊ म्हणाली, "हरकत नाही."

पोपटने कारकुनाकडे मान वळवली. "घ्या."

"काय घेऊ साहेब?"

"लगतच्या रहिवाशांची हरकत नाही. घ्या लिहून. विषय मंजूर."

मागच्या रांगेतून कुणीतरी खिदळलं. मग पुढचेही हसले. गतिरोधकवाला तर टेबलावर हात मारून हसला. माझ्या जावेला वाटलं काहीतरी विनोद झाला, म्हणून तीही हसली. लोक हसताना आपण गंभीर राहिलो तर त्यांना वाईट वाटेल, या भीतीने हसणारी बाई ती. मग तिने घसा साफ केला आणि सुरू केलं, "इथे आमचं पाळणाघर आहे. मुलं इथे..."

माइक बंद झाला होता. माणसं उठून खुर्च्या सरकवत होती. ती बोलत राहिली. तिन्ही गोष्टी बोलली, एकही न विसरता. माझ्याशिवाय कुणीही ऐकलं नाही.

मी तडक पोपटच्या केबिनमध्ये गेले. तो उठून उभा राहिला, वाकून माझ्या पायाला हात लावायला लागला. मी पाय मागे घेतले. एखाद्या ओल्या चिकट वस्तूला बोट लागावं तसं झालं मला.

"बाई, बसा ना."

"बसायला नाही आले. अरे, तू माफी मागितलीस म्हणून ती हरकत नाही म्हणाली. तुला कळलं नाही?"

"बाई, सभेत जे बोललं जातं तेच लिहिलं जातं."

"मग तुझी माफी लिहिली का?"

"ते अवांतर होतं." तो हसला. दात स्वच्छ होते, फार स्वच्छ. "आणि बाई, शब्द जपून वापरावा हे तुम्हीच शिकवलंत की आम्हाला."

"मी शब्द शिकवले. हे जे तू केलंस त्याला काय म्हणतात ते शिकवायचं राहिलं नाही, तुला ते चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर शिसारी येते."

"बाईंसाठी चहा सांगा रे," त्याने बाहेर हाक मारली. मी निघून आले.

त्यानंतर अर्ज झाले, विनंत्या झाल्या. प्रत्येक खिडकीवर एकच उत्तर: लगतच्यांचीच हरकत नाही तर तुम्ही कोण? कारकून बिचारा खाली मान घालून सांगायचा, पण सांगायचा तेच.

मग गाड्या यायला लागल्या.

वासाबद्दल कसं सांगावं? नासलेल्या दुधाचा वास आपल्याला माहीत असतो, मेलेल्या उंदराचा माहीत असतो, तुंबलेल्या मोरीचा माहीत असतो. हे सगळं एकत्र करून उन्हात ठेवावं आणि मग त्यावर कुणीतरी गोड वासाची पावडर मारावी, तसा तो वास. ती पावडर नगरपालिकेने मुद्दाम आणली होती, 'सुगंधी उपाययोजना' म्हणून. नुसती घाण एक वेळ सहन होते. घाणीवर गुलाब शिंपडला की पोटातलं सगळं वर येतं.

यंत्र कचरा दाबायचं तेव्हा खालून काळं पाणी सुटायचं. ते उताराने पडवीच्या भिंतीखाली यायचं आणि फरशीच्या सांध्यांतून आत झिरपायचं. ज्या फरशीवर मी ओल्या बोटाने अक्षरं काढत असे त्याच फरशीवर. माशा तर इतक्या, की झोपलेल्या मुलांच्या ओठांच्या कडांना काळी किनार दिसायची. जाऊ हातात टॉवेल घेऊन दुपारभर त्या ओळीतून फिरायची. एका बाळाच्या नाकपुडीत माशी शिरली तेव्हा तिने पडवी बंद केली. मुलं आतल्या दोन खोल्यांत आली. दारं-खिडक्या लावल्या, फटींत कापडं कोंबली, दिवसातून कितीदा तरी फिनेलने फरशी पुसली. आता मुलांच्या केसांना फिनेलचा वास यायला लागला.

"काकू," काबाईने विचारलं, "दार तर लावलंय. मग वास कुठून आला?"

"नाक बंद कर बाळा आणि झोप."

"नाक बंद केलं तर तोंडात येतो."

पालक एकेक करून मुलं काढू लागले. त्यांना दोष कसा द्यावा? एका आईने मुलाची उशी न्यायला घेतली, नाकाला लावून पाहिली आणि तिथेच ठेवून गेली.

शेजाऱ्यांचं मात्र मला नवल वाटलं. समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी येऊन जावेवरच डाफरले, "तुम्हीच हरकत नाही म्हणालात. तुमच्यामुळे आमच्या खिडक्या बंद." सुनावणीच्या दिवशी हे गृहस्थ घरी झोपले होते. आणि केंद्र सुरू झाल्यावर याच सोसायटीतले लोक चालता चालता कचऱ्याच्या पिशव्या कुंपणावरून भिरकावू लागले. नाहीतरी घाण आहेच, मग आपण खाली डब्यापर्यंत कशाला जा? एक पिशवी जावेच्या पायरीवर फुटली. आत काय होतं ते मी लिहीत नाही. तिने ते कागदाने उचललं, पायरी धुतली आणि मोरीत जाऊन ओकली. मी तिची पाठ चोळत उभी राहिले.

"एकदा तरी शिव्या दे गं कुणाला," मी म्हटलं.

"मला येत नाहीत वहिनी."

"मी शिकवते."

ती ओकता ओकता हसली.

आणि एका दुपारी पोपट स्वतः आला. नाकाला रुमाल, मागे तो कारकून, त्यांच्यामागे सोसायटीचे सेक्रेटरी. निवडणूक जवळ आली होती आणि बंद खिडक्यांमागची मतं त्याला मोजता येत होती. गेटपाशी काळ्या पाण्यात त्याचा बूट भरला. तो आत आला, दारात मुलांच्या चपलांसाठी पसरलेली सतरंजी होती, तिच्यावर त्याने बूट पुसला. सावकाश, कडा फिरवून, टाच घासून. बोलणं चालूच.

"काकू, तुमच्यासाठी तोडगा काढलाय. केंद्र इथून हलवतो."

जावेचा चेहरा उजळला. खरंच सांगते, कित्येक दिवसांनी तिचा तो चेहरा मी पाहिला. "हलवता? कधी?"

"या महिन्यात. नाल्याकडच्या गल्लीमागे पट्टा आहे पालिकेचा. तिथे लगत घरं आहेत म्हणा, पण ती माणसं काही बोलायची नाहीत. तुम्ही फक्त एवढंच करायचं. सुनावणीला या आणि सांगा की केंद्र तुमच्या शेजारी होतं, फार त्रास झाला नाही, आणि नवी जागा तुम्हाला योग्य वाटते. पाळणाघरवाल्या काकू म्हणाल्या की लोक मानतात. तुमच्या शब्दाला वजन आहे काकू."

तिच्या शब्दाला वजन आहे, हे हा माणूस तिला सांगत होता.

"सांगून टाका हो वहिनी," सेक्रेटरी म्हणाले. एरवी ते तिला 'ओ बाई' म्हणत. "पाळणाघर वाचेल, आम्हीही सुटू. सगळ्यांचंच भलं."

"त्या गल्लीतल्यांना विचारलंत?" जावेने विचारलं.

"विचारू की," पोपट म्हणाला. "रीतसर सुनावणी घेऊ."

आतल्या खोलीत मुलं झोपली होती. जी उरली होती ती बहुतेक त्याच गल्लीतली. त्यांच्या आयांना दुसरं पाळणाघर परवडत नव्हतं, म्हणून ती उरली होती. काबाई दाराच्या चौकटीला टेकून जागीच होती आणि सतरंजीकडे टक लावून बघत होती, जिथे तिची चप्पल होती.

सांगायचं खूप होतं, पण पाळणाघर तिचं होतं. तिने हो म्हटलं असतं तर मी तिला वाईट म्हटलं नसतं. तिला जगायला एवढी एकच जागा होती.

ती खाली वाकली. सतरंजीवरच्या चपला एकेक करून बाजूला ठेवल्या. काबाईच्या चपलेला काळं लागलं होतं ते पदराने पुसलं. मग सतरंजी दोन बोटांनी उचलली, दाराबाहेर नेऊन टाकली आणि परत येऊन पोपटसमोर उभी राहिली. वर बघितलं.

"मी असं काही सांगणार नाही."

"काकू, नीट विचार करा. मग हे इथेच राहील."

"राहू दे. तिथली मुलं माझ्याकडे झोपतात. दुपारी मी त्यांच्या तोंडावरच्या माशा हाकलते. रात्री कोण हाकलणार?"

"तुम्ही नाही सांगितलंत तर दुसरं कुणीतरी सांगेल," पोपट म्हणाला. आता आवाजात साखर नव्हती. "हे सेक्रेटरी सांगतील. काय हो?"

"मी... म्हणजे, गरज पडली तर," सेक्रेटरी म्हणाले आणि घड्याळाकडे बघू लागले.

"निघा तुम्ही," जाऊ म्हणाली. "मुलं उठतील."

ते गेले. पोपट जाताना मला नमस्कार करायला वळला. मी तोंड फिरवलं. आयुष्यभर मी एकाही मुलाकडे पाठ केली नव्हती, अगदी ज्यांना काही केल्या जोडाक्षर येत नसे त्यांच्याकडेही नाही. ह्याच्याकडे बघवेना.

ते दृष्टीआड झाल्यावर जाऊ मोरीत गेली आणि साबणाने हात धूत राहिली. कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले. "जात नाही वहिनी," ती म्हणाली. मला वाटलं ती वासाबद्दल बोलते आहे. बहुधा तसंच असेल.

संध्याकाळी मुलं न्यायला आया आल्या तेव्हा तिने त्यांना एकट्यानेच परत पाठवलं नाही. "चला, मी येते तुमच्याबरोबर," म्हणाली. मीही निघाले. काबाई माझं बोट धरून पुढे.

गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली, दारं सरळ रस्त्यावर उघडणारी. मागच्या बाजूला तो पट्टा, त्यावर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले. काबाईची आई कपड्यांना इस्त्री करते. तिच्या दारात जाऊ थांबली. आजूबाजूच्या बायका जमल्या, दोन-तीन पुरुषही आले.

"कचऱ्याचं केंद्र इथे आणायचं घाटतंय," तिने सांगितलं. "तुमच्या घरामागे."

एक म्हातारा पुढे झाला. "म्हणजे तुमच्या दारातली घाण आमच्या दारात."

"हो."

"आणि तुम्ही ते सांगायला आलात? लाज नाही वाटत?"

"अहो, ती तुमच्या बाजूने..." मी बोलायला लागले, पण जावेने माझा हात दाबला.

"वाटते," ती म्हणाली. "म्हणूनच आले. आता ऐका. तुम्हाला सुनावणीला बोलावतील. बोलावलं नाही तरी जायचं. तिथे खूप वेळ बसवून ठेवतील. मग अध्यक्ष गोड बोलेल. त्रास झाला का विचारेल, माफी मागेल. तेव्हा तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मानसुद्धा हलवायची नाही. आपलं बोलणं आधी पूर्ण करायचं."

"माफी मागितली तर काहीतरी बोलावं लागतं ना काकू?" काबाईची आई म्हणाली. हातात गरम इस्त्री तशीच. "उद्धटपणा दिसतो."

"दिसू दे."

हे माझ्या जावेच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आणि तुमचं पाळणाघर?" दुसऱ्या एकीने विचारलं. "तुम्ही अध्यक्षाला नाही म्हणालात म्हणजे केंद्र तुमच्याकडेच राहणार. मग आमची मुलं?"

त्या पट्ट्यावरून वारा येत होता, दोरीवरच्या चादरी फुगत होत्या. वास कसलाच नव्हता. साबणाचा असेल थोडा, गरम कापडाचा. जावेने एक मोठा श्वास घेतला, मग आणखी एक, तहानलेला माणूस पाणी पितो तसा.

"त्या घरात आता मुलं ठेवायची नाहीत," ती म्हणाली. "मी इथे येईन. कुणाचं घर दुपारी रिकामं असतं ते सांगा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट बघितलं, मग आत वळून सुनेला म्हणाला, "त्यांना बसायला दे काहीतरी. आणि दार पूर्ण उघड, त्यांना खोली बघू दे."